मुलाखत म्हणजे जोहार नव्हे!



शिरूर आणि दौंड हे भीमा नदीच्या अलीकडे-पलीकडे वसलेले दोन शेजारी तालुके. या मुलखात आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला येसकराची काठी, गावकीची बिगार आणि परक्याच्या बांधावरची मजुरी यांवाचून दुसरे काही आले नाही. आज त्याच भूमीवर रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर येथे आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे कारखाने उभे आहेत. दौंडला रेल्वेचे मोठे जंक्शन आहे, राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत. या कारखान्यांच्या फाटकांबाहेर सकाळच्या प्रहरी कागदांची फाईल छातीशी धरून आपली मुले-मुली उभी असतात. त्या फाईलमध्ये काय असते? बारा-पंधरा वर्षांचे शिक्षण असते, बापाने उपसलेले कष्ट असतात, आईने मोडलेला दागिना असतो. आणि या सर्वांचा निकाल एका बंद खोलीत दहा-पंधरा मिनिटांत लागतो. या दहा-पंधरा मिनिटांना मुलाखत असे म्हणतात.

या मुलाखतीविषयी आपल्या तरुणांना दोन प्रकारचे उपदेशक भेटतात आणि दोघेही त्यांची दिशाभूल करतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिला उपदेशक म्हणतो, "कपडे इस्त्रीचे घाल, बूट चकचकीत ठेव, चार वाक्ये इंग्रजीत बोल, नोकरी तुझीच आहे. जातपात आता कोण पाहतो?" दुसरा म्हणतो, "अरे, हे सगळे आधीच ठरलेले असते. वशिला नाही, पैसा नाही, आडनाव आपले. कशाला जातोस उगाच भाडे खर्चून?" पहिला मनुष्य डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला सांगतो, दुसरा चालूच नको म्हणून सांगतो. खड्डा आहे हे ओळखून पाऊल जपून टाकायला मात्र कोणीच शिकवीत नाही. ते काम या लेखात करावयाचे आहे.

प्रथम पहिल्या उपदेशकाचा समाचार घेऊ. जातपात कोणी पाहत नाही काय? डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या दोन संशोधकांनी वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवून पाहिले. पात्रता सारखी, शिक्षण सारखे. फरक एवढाच की काही अर्जांवर उच्चवर्णीय आडनाव होते, काहींवर दलित आडनाव आणि काहींवर मुसलमान नाव. त्यांचा निष्कर्ष २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय नावाच्या अर्जाशी तुलना करता दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता दोन-तृतीयांशच भरली. म्हणजे मुलाखतीच्या खोलीत पाऊल पडण्यापूर्वीच, बुटाला पॉलिश केले की नाही हे कोणी पाहण्यापूर्वीच, आडनावाने आपले काम केले होते! त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील २५ कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना भेटून विचारपूस केली. आम्ही केवळ गुणवत्ता पाहतो, असे हे अधिकारी सांगत. आणि त्याच तोंडाने उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारणे अगत्याचे आहे, असेही सांगत. वडील काय करतात, घरी कोण किती शिकले, मूळचे कुठले, या प्रश्नांतून जे हवे ते त्यांना कळत असे. जातीचा प्रश्न न विचारता जातीचे उत्तर काढून घेण्याची ही सभ्य रीत आहे.

याहून जुना दाखला हवा असेल तर स्वतंत्र भारताच्या पहिल्या सनदी परीक्षांकडे पाहावे. १९५० च्या परीक्षेत बंगालचे अच्युतानंद दास या अनुसूचित जातीच्या उमेदवाराने लेखी परीक्षेत १०५० पैकी ६१३ गुण मिळविले. अंतिम यादीत पहिले आलेले मद्रासचे एन. कृष्णन यांचे लेखी गुण ६०२ होते. परंतु तोंडी परीक्षेत ३०० पैकी कृष्णन यांना २६० आणि दास यांना ११० गुण पडले. कागदावर जो पुढे होता तो खोलीतून बाहेर पडताना यादीच्या तळाशी गेला. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, चेहरा नसतो, बोलण्याची ढब नसते. खोलीत हे सारे असते. यावरून बोध काय घ्यावयाचा तो सूज्ञ वाचकांनी घ्यावा.

हा दोष केवळ आम्हालाच दिसतो असे नाही. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. तेथे लेखी परीक्षेला १०० आणि तोंडी मुलाखतीला ५० गुण ठेवले होते. उमेदवाराला दोन-तीन मिनिटे आत घ्यावे, बापाचे नाव-गाव विचारावे आणि विषयाचा प्रश्न क्वचितच विचारावा, असा प्रकार चालल्याची तक्रार होती. नोव्हेंबर १९८० मध्ये न्यायालयाने सांगितले की मुलाखतीसाठी एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे हे मनमानीचे ठरेल. इतकेच नव्हे, तर अशा मुलाखतीचे ध्वनिमुद्रण व्हावे हे इष्ट, असेही सुचविले. न्यायासनावर बसलेल्यांना जी भीती दिसली ती आपल्या गुळगुळीत उपदेशकाला दिसत नाही, हे आश्चर्य नव्हे काय?

आता दुसऱ्या उपदेशकाकडे वळू. सगळे आधीच ठरलेले असते म्हणून घरी बसावे, असे तो सांगतो. त्याला आम्ही याच परिसरातले उत्तर देऊ. कोरेगाव भीमाच्या लढाईचा विजयस्तंभ १ जानेवारी १८१८ ची साक्ष देत उभा आहे. त्या स्तंभावर ज्यांच्या नावाच्या शेवटी 'नाक' हे अक्षर आहे अशा आपल्या पूर्वजांची नावे कोरलेली आहेत. ज्या नावावरून जात कळते तेच नाव त्या दगडावर मानाने कोरले गेले. आणि पुढे काय झाले? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने लढवय्या आणि बिगरलढवय्या जातींची वर्गवारी लावली व महारांची लष्करभरती बंद केली. एकाही तरुणाची छाती मोजली नाही, एकालाही बंदूक हाती देऊन पाहिले नाही. मुलाखत न घेता एका सबंध जातीला नापास केले!

तेव्हा आपले पूर्वज "सगळे ठरलेलेच आहे" म्हणून घरी बसले काय? पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे लेखी अर्ज पाठविला आणि लष्कर व पोलीस खात्याचे दरवाजे आपल्या लोकांना उघडावेत अशी मागणी केली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, महारांची १११ वी पलटण उभी राहिली. १९२१ साली ती मोडण्यात आली. पुन्हा प्रयत्न झाले आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजतागायत उभी आहे. बंद दरवाजा ठोठावणाऱ्यांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या, पण दरवाजा उघडला. तो विनवणीने उघडला नाही. लेखी मागणी, पुरावा आणि तयारी या तीन गोष्टींनी उघडला. आजच्या मुलाखतीलाही याच तीन गोष्टी लागतात.

शिवाय सगळे ठरलेले असते हे विधानच खोटे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. पुढे राज्यघटनेच्या १६ व्या कलमाने सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी १३ टक्के जागा राखीव आहेत. आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या गट 'ब' अराजपत्रित व गट 'क' पदांसाठी मुलाखतच रद्द झाली आहे. दौंडच्या तरुणाला रेल्वेच्या कनिष्ठ पदावर जायचे असेल तर परीक्षा आहे, कागदपत्रांची तपासणी आहे, पदानुसार शारीरिक चाचणी आहे; मुलाखत नाही. पोलीस शिपायाच्या भरतीत मैदान आहे आणि लेखी परीक्षा आहे, मुलाखत नाही. म्हणून जो कोणी दलाल दौंडच्या फलाटावर किंवा शिरूरच्या स्थानकावर भेटून "मुलाखतीत तुझे काम करून देतो, एवढे लाख आण" असे म्हणेल, तो जी वस्तू अस्तित्वातच नाही ती विकतो आहे. घरची अर्धा एकर जमीन विकून त्याची झोळी भरू नका. परीक्षेचा अभ्यास करा.

मग मुलाखत उरली कोठे? ती उरली वरिष्ठ राजपत्रित पदांसाठी, आणि मुख्यत्वे खासगी कारखान्यांत व कचेऱ्यांत. शिरूर-दौंडच्या हजारो घरांची चूल याच कारखान्यांवर पेटते. म्हणून तेथे कसे जावे आणि कोणत्या चुका टाळाव्यात, हे आता रोखठोक सांगतो.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे याचना. दोन्ही हात जोडून, खांदे पाडून, खुर्चीच्या कडेवर टेकून "साहेब, काहीही काम द्या, घरची फार गरिबी आहे" असे बोलणारा तरुण आम्ही पाहिला आहे. ही सवय कोठून आली? महाराने गावच्या वाटेवर पाटलाला जोहार घालावा, अंग चोरून उभे राहावे, दारोदार भाकरी मागावी, ही वतनाची शिकवण होती. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. वतन कागदावरून गेले, पण पाठीतला बाक अजून गेला नाही. लक्षात ठेवा : कारखान्याला माणूस हवा आहे म्हणून त्याने तुम्हाला बोलाविले आहे. तो पगार देणार, तुम्ही श्रम आणि कौशल्य देणार. हा व्यवहार आहे, दानधर्म नव्हे. नमस्कार करा, बसा म्हटल्यावर पाठ टेकून सरळ बसा, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून उत्तर द्या. कोणाच्या पाया पडू नका. गरिबीचे गाऱ्हाणे सांगू नका. त्याने कीव येईल, काम मिळणार नाही, आणि मिळालेच तर पगार कमी मिळेल. "काहीही काम" मागणाऱ्याला कोणतेच काम येत नाही, असा समोरच्याचा समज होतो. "मी वीजतंत्री आहे, मोटारीचे वायंडिंग आणि पॅनेलची जोडणी मला येते" असे सांगा.

दुसरी चूक पहिलीच्या उलट टोकाची आहे. अपमानाची आठवण ताजी असलेला तरुण कधी कधी भांडायच्या तयारीनेच आत जातो. साधा प्रश्न विचारला तरी त्याला त्यात टोमणा दिसतो. स्वाभिमान म्हणजे उर्मटपणा नव्हे. ज्याला स्वतःच्या कामाची खात्री असते त्याला आवाज चढवावा लागत नाही.

तिसरी चूक असत्य बोलण्याची. न केलेल्या नोकरीचा अनुभव अर्जात लिहिणे, ज्या यंत्राला हात लावला नाही ते चालविता येते म्हणून सांगणे, हे आपल्या पंचशीलाला बाधक आहेच. पण व्यवहारातही ते अंगलट येते. रांजणगावच्या एखाद्या कारखान्यात टेबलावर व्हर्नियर कॅलिपर ठेवून "माप घेऊन दाखव" असे म्हटले की सगळे उघडे पडते. नेहमीच्या व्हर्नियरचे लघुतम माप ०.०२ मिलिमीटर आणि मायक्रोमीटरचे ०.०१ मिलिमीटर असते, हे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या पहिल्या वर्षात शिकवितात. पण किती मुले फाटकावर जाण्यापूर्वी ते उजळणी करून जातात? येत नसेल ते "येत नाही, परंतु शिकेन" असे म्हणण्यात कमीपणा नाही.

चौथी चूक म्हणजे जेथे जावयाचे तेथील कामाची माहितीच नसणे. कुरकुंभला रसायनांचे कारखाने आहेत. तेथे जाणाऱ्याला पातळ आम्ल तयार करताना आम्ल पाण्यात हळूहळू ओतावयाचे असते, पाणी आम्लात कधीच ओतावयाचे नसते, हे ठाऊक असलेच पाहिजे. गळती झाली तर वाऱ्याच्या कोणत्या दिशेला पळावे, डोळ्यांत रसायन उडाले तर प्रथम काय करावे, हे प्रश्न तेथे स्वाभाविक आहेत. उत्तरे साधी आहेत : वाऱ्याला आडवे जाऊन मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला निघावे, डोळे वाहत्या स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावेत आणि तत्काळ डॉक्टर गाठावा. कारखाना काय बनवितो, पाळ्या किती, आपल्या पदाला कोणते काम, हे आधी तेथे काम करणाऱ्या चार माणसांना विचारावे. आपल्या वस्तीतले दोघे-तिघे तरी तेथे असतातच.

पाचवी चूक वेळेची आणि कागदांची. शिक्रापूरच्या चौकात वाहनांची कोंडी होते हे साऱ्या तालुक्याला माहीत आहे. मग "कोंडीत अडकलो" ही सबब मुलाखत घेणाऱ्याला का पटावी? दौंडहून न्हावरेमार्गे येणाऱ्याने एक गाडी आधीची धरावी. अर्धा तास आधी पोहोचलेला मनुष्य पाणी पिऊन, घाम पुसून शांत चित्ताने आत जातो. मूळ दाखले एका फाईलमध्ये क्रमाने लावावेत, प्रतींचे दोन संच निराळे ठेवावेत, आणि मूळ कागद कोणाच्याही ताब्यात देऊन येऊ नये. दाखवावेत आणि परत घ्यावेत. कपडे स्वच्छ आणि अंगासरशी असले म्हणजे पुरे. कर्ज काढून कोट शिवण्याची गरज नाही. खिशातला मोबाइल बंद असावा. भाषेचा न्यूनगंड नको : मराठीत विचारले तर शुद्ध, नेटकी मराठी बोला, इंग्रजीत विचारले आणि येत असेल तेवढे बोललात, उरलेले मराठीतून सांगण्याची परवानगी मागितलीत, तर त्यात लाज वाटण्याजोगे काहीच नाही. अर्धवट इंग्रजीच्या धुक्यात चांगले उत्तर हरवू देणे ही खरी चूक.

सहावी चूक म्हणजे काहीच न विचारता उठून येणे. शेवटी "तुम्हाला काही विचारायचे आहे काय?" असा प्रश्न येतो आणि आपला तरुण मान हलवून बाहेर पडतो. विचारा : नेमणूक कंपनीची की कंत्राटदाराची? हातात येणारा पगार किती? भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य विमा यांची कपात कंपनी भरणार की कंत्राटदार? आठवड्याची सुटी कोणती, जादा कामाचा मोबदला कोणत्या दराने? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. तेव्हा नियुक्तिपत्र कधी मिळेल, हे विचारणे उद्धटपणा नव्हे. आणि कोऱ्या कागदावर सही करून देऊ नका. कोऱ्या कागदावर अंगठा उठवून आपल्या पूर्वजांनी काय काय गमावले, ते प्रत्येक घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

आता सर्वांत नाजूक प्रश्नाकडे येतो. मुलाखत घेणारा हसत हसत विचारतो, "हे आडनाव कुठले? मूळ गाव कोणते? वडील काय करतात? गावात घर कोणत्या बाजूला?" यावर काय करावे? काही तरुण आडनाव बदलून जातात, काही गळ्यातले लॉकेट काढून खिशात घालतात, काही वडिलांचा भलताच व्यवसाय सांगतात. बंधूंनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर लक्षावधी माणसांनी धम्म स्वीकारला तो लपविण्यासाठी स्वीकारला काय? आणि लपवून लपते काय? ज्याने लपवून नोकरी धरली तो रोज जेवणाच्या सुटीत उघडे पडण्याच्या भीतीने डबा खातो. ती नोकरी नव्हे, ती जन्मठेप होय.

सरळ उत्तर द्या. "माझे वडील शेतमजूर आहेत. आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाते. मी घरातला पहिला पदविकाधारक आहे." एवढे सांगून तत्काळ कामावर या : "या पदासाठी लागणारे काम मी प्रशिक्षणात असे असे केले आहे." बापाच्या कष्टाची लाज बाळगणाऱ्याला कोणी मान देत नाही, जो ते ताठ मानेने सांगतो त्याच्यापुढे विचारणाराच चाचपडतो. आणि कोणी स्पष्टपणे जातच विचारली तर शांतपणे म्हणा, "या कामाशी तिचा काय संबंध आहे, ते कृपा करून सांगावे." बाहेर आल्यावर त्याच दिवशी वहीत तारीख, वेळ, विचारलेला प्रश्न आणि विचारणाऱ्याचे पद लिहून ठेवा. एका माणसाची तक्रार ही कुरकुर ठरते. पन्नास वह्यांतील पन्नास नोंदी हा पुरावा ठरतो.

भगिनींनो, तुम्हाला आणखी एक प्रश्न विचारला जातो : "लग्न झाले काय? मूल कधी होणार? रात्रपाळी जमेल काय, घरचे सोडतील काय?" स्त्री म्हणून भरतीत भेदभाव करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती, आणि आता त्याची जागा घेणाऱ्या वेतन संहितेतही ती कायम आहे. "दिलेल्या पाळीत येईन, रात्रपाळीला ने-आणीची आणि सुरक्षिततेची व्यवस्था काय आहे?" असा उलट प्रश्न विचारा. आणि घरातल्या पुरुषांना आमचे सांगणे आहे की मुलीच्या मुलाखतीच्या दिवशी तिच्या हातून स्वयंपाकाचा पाटा काढून घ्या. मुलगा जाणार असला म्हणजे सारे घर त्याच्या दिमतीला आणि मुलगी जाणार असली म्हणजे भांडी घासून मग जा, हा न्याय बुद्धाच्या घरात शोभत नाही.

एक गोष्ट आपल्यासाठीच विशेष आहे आणि तिच्याविषयीचे अज्ञान फार महाग पडते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला होता. त्यामुळे धम्म स्वीकारलेल्या आपल्या बांधवांच्या केंद्रीय सवलती गेल्या. महाराष्ट्राने राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राचा अन्याय दूर होण्यास १९९० साल उजाडावे लागले. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. म्हणजे चौतीस वर्षे आपल्या लोकांनी धम्माची किंमत नोकऱ्यांत मोजली, पण धम्म सोडला नाही. मात्र आजही केंद्र सरकारच्या भरतीसाठी केंद्राच्या विहित नमुन्यातील दाखला लागतो आणि त्यात मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख लागतो. नुसत्या 'नवबौद्ध' शब्दाचा राज्याचा दाखला घेऊन गेलेला तरुण कागदपत्रांच्या तपासणीत अडतो. परीक्षा उत्तीर्ण होऊन कागदापायी जागा गमाविणे याहून मोठे दुर्दैव कोणते? जाहिरात येण्याची वाट न पाहता दोन्ही नमुन्यांतील दाखले आधीच काढून ठेवा, आणि राज्याच्या नोकरीसाठी जात पडताळणी वेळेत करून घ्या.

दुसरी गोष्टही फार थोड्यांना ठाऊक आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार नेमून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, मग तो मालक खासगी का असेना. खासगी क्षेत्रात आपल्याला काहीच हक्क नाही असे म्हणणाऱ्यांनी हा कायदा वाचावा, आणि रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवारांच्या किती जागा अशा रीतीने भरल्या गेल्या, हे विचारावे.

येथे आम्ही कारखानदारांनाही दोन शब्द सुनावू इच्छितो. आपण गुणवत्तेची भाषा बोलता. ठीक आहे, मग गुणवत्ता मोजून दाखवा. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारा, प्रत्येक उत्तराचे गुण तेथल्या तेथे लिहा, बापाचा धंदा आणि गावातले घर यांची चौकशी बंद करा, आणि नाकारलेल्याला कारण सांगा. औद्योगिक क्षेत्रांची जमीन शासनाने कायद्याच्या बळावर संपादन केली. रस्ते, पाणी, वीज जनतेच्या पैशाने आले. जनतेच्या जमिनीवर उभा असलेला दरवाजा जनतेच्या एका भागाला बंद राहणार असेल, तर तो खासगी प्रश्न कसा राहील? घटनेचे १६ वे कलम सरकारी नोकरीपुरते आहे, ही उणीव आहे. ती भरून काढणारा कायदा व्हावा, अशी आमची मागणी आहे.

आणि शेवटी आपल्याच समाजातील शिकलेल्या, नोकरीत स्थिरावलेल्या बांधवांना एक प्रश्न. ज्या खोलीत तुम्ही एकदा घाबरत गेलात, त्या खोलीचा दरवाजा उघडून आत काय असते हे मागून येणाऱ्याला सांगणे तुमचे कर्तव्य नव्हे काय? उच्चवर्णीय घरात जन्मलेल्या मुलाला मामा, काका, शेजारी हे सारे जेवताखाता सांगतात. त्याची मुलाखतीची तयारी लहानपणापासून चाललेली असते. आपल्या मुलाला ते कोण सांगणार? म्हणून आमची सूचना आहे की शिरूर व दौंड तालुक्यांतील प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार वंदनेनंतर दोन तास या कामाला द्यावेत. एक टेबल, तीन खुर्च्या मांडाव्यात. कारखान्यात काम करणारे दोघे विचारणारे व्हावेत, एकेका मुला-मुलीला समोर बसवून प्रश्न विचारावेत, आणि चुका सर्वांसमक्ष पण प्रेमाने सांगाव्यात. पहिल्या रविवारी मुले लाजतील, तिसऱ्या रविवारी बोलू लागतील. भिंतीवर येत्या भरतीच्या तारखा लिहाव्यात; दाखल्यांची तपासणी तेथेच करून द्यावी; आणि अपमानाच्या नोंदींची ती वही विहाराच्या कपाटात जपून ठेवावी. याला फार पैसा लागत नाही. लागतो तो रविवारचा वेळ आणि आपल्या माणसाविषयीची आच.

जोहार घालणारा हात आपण एकदा खाली घेतला आहे. तो पुन्हा कोणाच्या टेबलासमोर जोडला जाऊ नये आणि रिकामाही राहू नये. त्या हातात आपले कौशल्य असावे, आपले दाखले असावेत आणि कायद्याची माहिती असावी. येत्या भरतीला जाताना एवढी शिदोरी बरोबर घ्या. नाकारले गेलात तर कारण विचारा, वहीत लिहा आणि दुसऱ्या फाटकाकडे चालू लागा. आपल्या पूर्वजांना दरवाजा उघडायला दोन पिढ्या लागल्या. तुम्हाला तेवढा वेळ लागू नये, हीच तळमळ!